प्रश्न तुमचे : जपानी शब्दांची यादी किती खरी?

प्रश्न : मी निपाणीत राहते आणि जपानी भाषेच्या एन-४ स्तराच्या परीक्षेची तयारी करते आहे. याद्या पाठ करते, पण आठवड्याभरात विसरते. जपानीतले निम्मे शब्द चिनी वळणाचे आहेत असे एक जण सांगतो, तर वापरात अस्सल जपानी शब्दच जास्त आहेत असे दुसरा. खरे कोणाचे? आणि शब्दांचा अभ्यास हल्ली कोणत्या दिशेने चालला आहे?
– एक विद्यार्थिनी, निपाणी

उत्तर : दोघांचेही खरे आहे, कारण दोघांची मोजणी वेगळी आहे. जपानच्या राष्ट्रीय भाषा संशोधन संस्थेने १९५६ सालची ९० मासिके घेऊन शब्द मोजले. प्रत्येक शब्द एकदाच धरला तेव्हा चिनी मुळाचे ‘कांगो’ सुमारे ४७ टक्के भरले आणि मूळचे जपानी ‘वागो’ सुमारे ३७ टक्के; पण शब्द जितक्या वेळा आला तितक्या वेळा मोजला, तेव्हा वागो ५४ टक्क्यांच्या आसपास गेले. परकीय ‘गाइराइगो’ तेव्हा थोडे होते, पुढे त्यांची भर मोठी पडली. (त्यांतला ‘पान’ म्हणजे पाव, तो आणि आपला पाव, दोन्ही पोर्तुगिजांकडून आले.)

बेळगाव-निपाणीच्या माणसाला हे थर समजावून सांगावे लागू नयेत. आपल्याकडे खाणावळ, भोजनालय आणि हॉटेल या तीन पाट्या एकाच रस्त्यावर दिसतात, आणि कुठे काय मिळेल हे पाटीवरूनच कळते. जपानीत मुक्कामाच्या जागेसाठी ‘यादोया’, ‘र्‍योकान’ आणि ‘होतेरु’ हे अनुक्रमे वागो, कांगो आणि गाइराइगो आहेत. र्‍योकान म्हटले की तातामीच्या चटया डोळ्यांसमोर येतात, होतेरु म्हटले की पलंग. कोशात ‘उतरण्याची जागा’ एवढाच अर्थ दिलेला असला, तर हा फरक हाती लागत नाही.

अभ्यासाची दिशा बदलली ती इथेच. याच संस्थेने २०११ मध्ये सुमारे दहा कोटी शब्दांचा लिखित जपानीचा संग्रह पुरा केला. नोंदणी केल्यास त्यात विनामूल्य शोध घेता येतो. त्यामुळे एखाद्या शब्दाचा अर्थ काय, याच्या जोडीला तो कोणाच्या शेजारी बसतो, हेही तपासता येऊ लागले. औषधासाठी ‘कुसुरी’ हा शब्द तुम्ही पाठ केला असेल, पण त्याचे क्रियापद ‘नोमु’, म्हणजे पिणे. आपण गोळी खातो, जपानी माणूस गोळीसुद्धा ‘पितो’. सर्दी त्यांना होत नाही, ते ती ‘ओढतात’ : ‘काझे ओ हिकु’.

तुमच्या यादीबद्दल एक सांगायला हवे. २०१० मध्ये परीक्षेचे पाच स्तर झाले, तेव्हापासून आयोजक शब्दांची अधिकृत यादी प्रसिद्ध करीत नाहीत. बाजारात मिळतात त्या याद्या प्रकाशकांनी अंदाजाने केलेल्या असतात. त्या फेकून देऊ नका, पण वहीत नुसते ‘कुसुरी – औषध’ असे न लिहिता ‘कुसुरी ओ नोमु’ अशी शब्दांची जोडीच उतरवा. दिवसाला दहा जोड्या पुरेत, आणि कालच्या दहा आधी तपासल्याशिवाय आजच्या दहांना हात लावू नका.