विद्यापीठाचे केळी संशोधन केंद्र आखताना शेतकऱ्यांचे मत कोणत्या टप्प्यावर घ्यावे?

इमारतीचा नकाशा आणि संशोधनाचे विषय ठरण्यापूर्वीच शेतकऱ्यांशी बोलावे, कारण आराखडा मंजूर झाल्यावर बोलावलेली बैठक केवळ माहिती देण्यापुरती उरते. जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात केळीचे प्रश्न लागवडीच्या हंगामागणिक बदलतात: जून-जुलैची मृगबाग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची कांदेबाग यांना थंडी पिकाच्या वेगवेगळ्या अवस्थेत गाठते, त्यामुळे दोन्ही हंगामांतील बागाईतदारांचे म्हणणे स्वतंत्रपणे नोंदवले पाहिजे. केळीवरील हरण्या या विषाणूजन्य रोगाचेच पाहा. काकडीवर्गीय पिकांवरही जगणारा हा विषाणू मावा किडीमार्फत केळीवर येतो. तेव्हा कोणाच्या बांधाला काकडी किंवा भोपळा होता, रोपे कोठून आणली होती आणि पाने पिवळी पडल्याचे प्रथम केव्हा दिसले, हे तपशील प्रयोगशाळेत नव्हे, तर त्या शेतातच मिळतात. बैठका विद्यापीठात न घेता गावात, शेतीकामे आटोपल्यावर संध्याकाळी घ्याव्यात, आणि घड कापणारे व वाहणारे मजूर तसेच निंदणी करणाऱ्या स्त्रिया यांना आवर्जून बोलवावे, अन्यथा मोठ्या बागाईतदारांचेच प्रश्न साऱ्या गावाचे म्हणून नोंदले जातात, आणि ही चूक पुढे दुरुस्त करणे फार कठीण असते. प्रत्येक सूचनेवर काय निर्णय झाला, तो का झाला, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावावे. मात्र लोकांचा सहभाग संशोधनाचा प्राधान्यक्रम ठरवण्यापुरता असावा. चाचणीची पद्धत आणि निष्कर्ष संशोधकांच्याच अधिकारात राहिले पाहिजेत.