वाचकांचे प्रश्न : गरम पाणी, उतरणीचे गाव

प्रश्न : मे महिन्याच्या सुट्टीत ऑस्ट्रियाला जायचे आहे. सोबत सत्तरीतले आई-वडील, दोघांचेही गुडघे दुखतात. बाड गाश्टाइनच्या गरम पाण्याने फरक पडेल का? दोन दिवसांत काय पाहावे? आम्हाला राजापूरचे उन्हाळे, म्हणजे तिथले गरम पाण्याचे झरेच माहीत!
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : दोन दिवसांत गुडघे बरे होत नाहीत, हे आधीच सांगतो. सांधे शेकून बरे वाटेल, तेवढेच. इथल्या पाण्याला गंधकाचा वास नाही, क्षारही फार कमी. झऱ्यापाशी ते सुमारे ४६ अंश सेल्सिअस असते. त्याची ख्याती आहे ती रेडॉन या किरणोत्सारी वायूमुळे. पाणी ढवळले की तो उडून जातो, म्हणून रेडॉनचे स्नान पोहण्याच्या तलावात नव्हे, स्वतंत्र टबात, फारशी हालचाल न करता घेतात. तेही दोन-तीन आठवडे आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

जवळच बोकश्टाइनला सोन्याच्या शोधात १९४० ते १९४४ दरम्यान बोगदा खोदला गेला. सोने हाती लागले नाही, पण कामगारांची सांधेदुखी कमी झाली! आज तिथे छोट्या रेल्वेने आत नेऊन ३७ ते ४१.५ अंशांच्या दमट हवेत झोपवतात. आधी वैद्यकीय तपासणी होते. हृदयविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असेल तर हा नाद सोडा.

साध्या तलावात एका वेळी पंधरा-वीस मिनिटेच बसा. उष्णतेने रक्तवाहिन्या सैलावतात, झटकन उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. कठड्याला धरून, सावकाश बाहेर या. तलावात पोहण्याचे कपडे लागतात. सॉना (घाम काढायच्या गरम खोल्या) विभागात मात्र उलटे : तिथे स्त्री-पुरुष एकत्र, अंगावर कपडे नसतात. आई-वडिलांना दारातच सांगून ठेवा, नाहीतर घरी परतेपर्यंत तोच विषय चालेल.

गाव डोंगराच्या उतारावर आहे. स्टेशन वर, जुना भाग खाली. दुखऱ्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणेच जड जाते, तेव्हा खाली जाताना टॅक्सी करा. गावाच्या मधोमध तीन टप्प्यांत ३४१ मीटर कोसळणारा धबधबा आहे. पुलावर उभे राहिले की तुषार अंगावर येतात. चष्मा पुसायला कापड घ्या. शेजारच्या चौकातल्या श्ट्राउबिंगर हॉटेलात १८६५ मध्ये प्रशिया (तेव्हाचे मोठे जर्मन राज्य) व ऑस्ट्रियाचा करार झाला. श्लेस्विग या प्रांताचा कारभार प्रशियाकडे, शेजारच्या होल्श्टाइनचा ऑस्ट्रियाकडे, अशी वाटणी. पुढच्याच वर्षी दोघे एकमेकांशी लढले.

स्टेशनासमोरून श्टुबनरकोगेल या डोंगरावर केबल कार जाते. वर १४० मीटर लांबीचा झुलता पूल आहे. पण मे महिना अडचणीचा : हिवाळी हंगाम संपून उन्हाळी सुरू होईपर्यंत ती दुरुस्तीसाठी बंद असते. तारीख पाहूनच तिकिटे काढा. साल्झबुर्गहून रेल्वेने गाव साधारण दीड तासावर आहे.