'एक्सप्रेसिव्ह टायपोग्राफी'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न नाशिकच्या एका डिझाइनच्या विद्यार्थिनीचा आहे. पहिल्या वर्षाला 'एक्सप्रेसिव्ह टायपोग्राफी'चं काम मिळालंय. एक शब्द निवडायचा आणि चित्र न काढता, नुसत्या अक्षरांच्या घडणीतून आणि मांडणीतून त्याचा अर्थ डोळ्यांना दाखवायचा. शब्द मराठी घ्यायचा, सोबतचं टिपणही मराठीतच लिहायचं. भाषांतर करणाऱ्या यंत्रानं तिला 'अभिव्यक्त टंकलेखन' असं काहीतरी दिलं. ते चालेल का, सुलेखन आणि टायपोग्राफी एकच का, आणि जाता जाता, फॉन्ट 'तो' की 'ते'?

'अभिव्यक्त टंकलेखन' नको. टंकलेखन म्हणजे टायपिंग. कोर्टाच्या आवारात यंत्र मांडून बसणारे प्रतिज्ञापत्रं बडवायचे ते टंकलेखन, आणि मिनिटाला ३० मराठी शब्दांची परीक्षा असते तीही त्याचीच. अक्षराच्या रूपाशी त्याला देणंघेणं नाही. 'अभिव्यक्तिवादी' त्याहून नको. ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत फोफावलेली कलेतली चळवळ आहे, आणि परीक्षक नेमका तिच्याबद्दल विचारून बसेल. 'अभिव्यंजक' व्याकरणात बसतो, पण वाचणारा त्या शब्दाला वळसा घालून पुढे जातो.

माझं मत 'बोलकी'च्या बाजूनं. मराठीत डोळे बोलके असतात, चेहरा बोलका असतो, आकडेसुद्धा बोलके असतात. तोंड न उघडता सांगून जाणारं जे जे काही, त्याला आपण हेच विशेषण लावतो, आणि तुम्हाला मिळालेलं कामही नेमकं तेवढंच आहे. म्हणून शीर्षकात 'बोलकी अक्षरं' लिहा. पानावरच्या रचनेवर भर असेल तर 'बोलकी अक्षरमांडणी' म्हणा.

आता नुसत्या 'टायपोग्राफी'चं काय? बोलताना टायपोग्राफीच म्हणा, कोणी हसणार नाही. पण मराठी छापखान्यानं स्वतःचे शब्द घडवले होते, ते माहीत असावेत. शिशाच्या एकेका अक्षराला म्हणत खिळा. खिळे जुळवणारा तो जुळारी, आणि त्याचं काम म्हणजे जुळणी. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत काढलेल्या निर्णयसागर छापखान्याचं नाव झालं ते त्या खिळ्यांच्या देखणेपणामुळेच. पुस्तकी शब्द हवा असेल तर मला 'मुद्राक्षर' आवडतो. मुद्रा म्हणजे शिक्का, ठसा. मुद्रा म्हणजे चेहऱ्यावरचा भावही, 'गंभीर मुद्रेनं' म्हणतो तो. तुमच्या विषयाला दोन्ही अर्थ लागू पडतात. 'टंक' हाही ठशाच्याच घरातला, टंकशाळेची टांकसाळ झाली त्यातला. (नाशिक रोडच्या नोटांच्या छापखान्याला मात्र टांकसाळ म्हणू नका. तिथे नाणी पडत नाहीत.)

टिपणात अक्षरांचं वर्णन करायला इंग्रजी विशेषणांच्या मागे लागायची गरज नाही. आपण हस्ताक्षराला पिढ्यान्‌पिढ्या नावं ठेवत आलो, त्यामुळे हा साठा भरपूर आहे: टपोरं, ठसठशीत, किरटं, गिचमीड, घोटीव, लपेटदार, फराटेदार, सगळ्याला धरून 'वळण', आणि अगदीच वाईट म्हणजे कोंबडीचे पाय. 'ठळक' ही फॉन्टची जाडी झाली, 'ठसठशीत' हा त्या जाडीचा स्वभाव. किरटं अक्षर बारीक असतंच, शिवाय ते कंजूष वाटतं. हा फरक टिपणात दिसला तर अर्धं काम तिथेच झालं.

मांडणीचे शब्द तर तुमच्या गावाशी नातं असलेल्या माणसाकडूनच घ्या. समर्थ रामदासांनी बारा वर्षं तपश्चर्या केली ती नाशिकजवळच्या टाकळीला, असं परंपरा सांगते. त्यांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास निव्वळ अक्षर कसं काढावं आणि पान कसं लिहावं यावर आहे. सतराव्या शतकातला मजकूर, पण ओळी वाचा: 'वाटोळें सरळें मोकळें', 'नेमस्त पैस', 'वोळीस वोळी लागेना', 'खालिले वोळीस स्पर्शेना'. शेवटच्या दोन म्हणजे ज्याला तुमच्या वर्गात लेडिंग म्हणतात ते, दोन ओळींमधलं अंतर. देवनागरीत त्याचं महत्त्व रोमनपेक्षा जास्त, कारण आपल्या ओळीला वरही पसारा असतो आणि खालीही. वरच्या ओळीतल्या 'कू'चा ऊकार खालच्या ओळीतल्या 'की'च्या वेलांटीत घुसतो, आणि रोमनसाठी ठरवलेलं अंतर तसंच ठेवलं की हमखास हे होतं. लेडिंग हा शब्दच मुळी ओळींमध्ये घालायच्या शिशाच्या पट्ट्यांवरून आला. आणि समर्थ म्हणतात, पान 'शिषानें रेखाटावें', म्हणजे ओळीही शिशानंच आखायच्या. दोन्हीकडे ओळींमधलं अंतर शिशानंच सांभाळलं, ही गंमत मला फार आवडते.

'पैस' हा शब्द तर उचलाच. अक्षरांमधली, ओळींमधली, चित्राभोवतीची मोकळी जागा, या सगळ्याला तो पुरतो, आणि 'ऐसपैस'मुळे तो कोणालाही परका वाटत नाही. 'निगेटिव्ह स्पेस'चं 'नकारात्मक अवकाश' करणाऱ्यांना मात्र माझा हात जोडून नमस्कार. मार्जिनला समास आहेच, शाळेच्या वहीपासूनचा. ग्रंथाच्या प्रकरणालाही समास आणि पानाच्या कडेच्या कोऱ्या पट्ट्यालाही समास, पण संदर्भानं घोटाळा होत नाही.

या शब्दांच्या पाठी लपलेला खरा मुद्दा असा की बोलकेपणाच्या युक्त्या लिपीगणिक बदलतात. तुमच्या प्रश्नासोबत 'दुरावा' या शब्दाचं कच्चं काम होतं. अक्षरं सारख्या अंतरानं लांब लांब केलेली. रोमनमध्ये ही युक्ती चालते, तिथे अक्षरं सुटीच असतात. देवनागरीत अक्षरं फाकवली की शिरोरेषेचे तुकडे होतात, आणि वाचणाऱ्याला आधी वाटतं की फॉन्ट बिघडलाय. त्याऐवजी असं करून बघा: 'दुरा' एका कडेला, 'वा' दुसऱ्या कडेला, आणि मधल्या सगळ्या पैसावरून शिरोरेषा तशीच ताणून न्या, मधे जमलं तर बारीक करत. जोडलेले आहेत पण लांब आहेत, हे त्या रेषेनं सांगितलं. रोमनला हे साधणार नाही, त्यांच्याकडे ही रेषाच नाही. 'तुटणं' दाखवायचं असेल तेव्हा ती खुशाल तोडा.

मात्र शिरोरेषा पूर्ण उडवताना जपून. 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' यांच्यातला मोठा फरक त्या रेषेतल्या फटीचा आहे. रेषा गेली की उरते ती डावीकडची छोटीशी गाठ किंवा वळसा, आणि काही फॉन्टांत तीही नीट दिसत नाही. मग 'धार'ची 'घार' व्हायला वेळ लागत नाही. गुजरातीनं शिरोरेषा सोडली खरी, पण तिची अक्षरं त्या हिशेबानं घडत गेली. मोडी लिपीत उलट, आधी ओळभर रेषा ओढून मग तिला अक्षरं टांगत.

दुसरा शब्द तुम्ही 'गर्दी' घेतला होता आणि अक्षरं एकमेकांवर चढवली होती. करा, पण आधी शब्दाकडे नीट बघा. रफार म्हणजे स्वतःची जागा न मिळालेला 'र'. तो 'दी'च्या वेलांटीला लटकून उभा आहे. गर्दी त्या शब्दात लिपीनंच करून ठेवलीय. तेवढाच कोपरा मोठा केला आणि बाकी शब्द शांत ठेवला, तर सगळं एकमेकांवर रचण्यापेक्षा जास्त कळेल. आणि तुकडे पाडताना एकक ध्यानात ठेवा: 'स्त्री' हे एक अक्षर आहे. 'कि'मधली वेलांटी लिहिताना आधी येते, उच्चारताना नंतर, त्यामुळे ती 'क'पासून सुटून एकटी पळायला लागली की शब्द वाचता येत नाही.

सुलेखन आणि टायपोग्राफी एकच का? नाही. सुलेखन म्हणजे टाक किंवा बोरू एका ओघात चालवून लिहिलेलं अक्षर. अक्षरांकन म्हणजे रेखाटून, खोडून, पुन्हा कडा घासून घडवलेलं, त्या एका जागेपुरतं. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली शीर्षकं या दुसऱ्या जातीची. नाटक फार्सिकल आहे की रडवणारं, हे नाव वाचायच्या आधी कळायचं. टायपोग्राफी म्हणजे एकदा घडवलेली अक्षरं पुन्हा पुन्हा वापरणं आणि त्यांची जुळणी. तिन्हींत वावरलेला माणूस हवा असेल तर र. कृ. जोशी (१९३६–२००८) बघा. ते कवी आणि सुलेखनकार, आणि विंडोजबरोबर आलेला 'मंगल' फॉन्टही त्यांचाच. फॉन्ट स्वतःच किती बोलका असू शकतो हे पाहायचं तर 'मोदक' उघडा. तो इतका गलेलठ्ठ आहे की अक्षरांच्या पोटातल्या जागेच्या नुसत्या चिरा उरल्यात. त्यात शोकसंदेश लिहून पाहा, म्हणजे फॉन्ट निवडणं हाही अर्थाचा भाग आहे हे सांगावं लागणार नाही.

आणि न बोलणारी अक्षरं बघायची असतील तर खिशातली नोट काढा. मागच्या बाजूला १५ भाषांत रक्कम लिहिलेली असते, त्यातल्या कोकणी, मराठी, नेपाळी आणि संस्कृत अशा चार ओळी देवनागरीत. तिथे कोणत्याच ओळीनं भाव खायचा नाही, सगळ्यांनी सारखंच उभं राहायचं. कधीतरी हाही अभ्यास करा.

राहिला फॉन्ट. 'तो फॉन्ट' म्हणा. अक्षर ते, लिपी ती, टायपोग्राफी ती, टाइप तो. अनेकवचन 'फॉन्ट'च, 'फॉन्ट्स' नको. लिहिताना अर्धा 'न' वापरा. 'फॉंट' असा अनुस्वार दिला तर वरची चंद्रकोर आणि टिंब मिळून चंद्रबिंदू दिसतो, आणि शब्द हिंदीतल्या 'चाँद'सारखा 'फाँट' वाचला जातो.