बायबल वाचताना मन आनंदाने भरून येते, तर मंडळीत (चर्चमध्ये) मोकळेपणाने गावे की गंभीर राहावे?

आपण विचारले आहे की शास्त्र वाचताना देव भेटल्याचा आनंद होतो, पण उपासनेत तो उघड दाखवणे उथळपणाचे ठरेल का. माझ्या मते तो दाबून टाकणे हाच देवाचा अनादर आहे, आणि असे म्हणण्यास मला घरचेच कारण आहे.

माझी आई नागपुरात परिचारिका होती. निवृत्तीनंतर ती रोज पहाटे शास्त्र वाचत असे. एकदा बायबलमधील नहेम्याच्या पुस्तकाचा आठवा अध्याय वाचून ती इतकी हर्षभरित झाली की रविवारी मंडळीत साक्ष देताना, म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव सांगताना, तिने तो सगळा प्रसंग सांगितला: पाणीवेशीसमोरच्या चौकात शास्त्री एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, मंदिराचे सेवक असलेले लेवी अर्थ समजावून देतात, लोक रडू लागतात, आणि त्यांना सांगितले जाते की रडू नका, गोडधोड खा, ज्यांच्या घरी काही शिजलेले नाही त्यांना ताटे पाठवा, कारण परमेश्वराचा आनंद हेच तुमचे बळ आहे. एवढे बोलून तिने ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचा एक अभंग टाळ्या वाजवीत म्हटला. उपासना संपल्यावर मंडळीतील एका वडीलधाऱ्या सभासदाने तिला सर्वांसमोर सुनावले, "बाई, ही मंडळी आहे, भजनी मंडळ नव्हे." त्यानंतर कित्येक महिने आई मंडळीत केवळ ओठ हलवीत राहिली.

त्या गृहस्थांशी माझा वाद आजही मिटलेला नाही. नारायण वामन टिळकांना नागपूर–हावडा मार्गावरच्या राजनांदगावला जाताना एका परदेशी सहप्रवाशाने बायबलचा नवा करार दिला, त्यातील येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर तो त्यांना खाली ठेववेना, आणि १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर या माणसाने अभंग आणि कीर्तनच ख्रिस्ताच्या चरणी वाहिले. ते अभंग आपल्या उपासनेत चालतात, मग ज्या उमाळ्यातून ते निघाले तो उमाळा का चालू नये? कराराचा कोश, म्हणजे देवाच्या कराराची पवित्र पेटी, यरुशलेमेत आणताना दाविद राजा नाचला तेव्हा त्याची पत्नी, शौल राजाची मुलगी मीखल हिने खिडकीतून पाहून त्याचा मनोमन तिरस्कार केला, आणि शास्त्र दाविदाची बाजू घेते. शिष्टाचाराच्या नावाखाली मीखलेची बाजू घेणारे आजही पुष्कळ आहेत.

नहेम्याच्या त्याच अध्यायात लोकांच्या आनंदाचे कारणही दिले आहे, ते असे की वाचलेली वचने त्यांना समजली होती. म्हणून माझी कसोटी एवढीच की आनंद वचनातून आला का. सोन्याच्या वासराच्या मूर्तीपुढेही लोक नाचले होते, आणि ज्या गाण्यामागे न्याय नाही त्याचा गोंगाट दूर करा, असे देव आमोस संदेष्ट्याच्या तोंडून बजावतो. यशया संदेष्ट्याला मंदिरात देवाचे दर्शन झाले तेव्हा त्याच्या तोंडून आधी "हाय" हाच उद्गार निघाला, त्यामुळे कोणी स्तब्ध बसून अश्रू ढाळत असेल तर त्यालाही टाळ्या वाजवण्याचा आग्रह करू नये.

आपल्या मंडळीची रीत मला ठाऊक नाही, म्हणून पाळकांशी आधी बोलून घ्यावे. मात्र एखादी वृद्ध बाई भर उपासनेत मोठ्याने गाऊ लागली, तर तिला गप्प करू पाहणाऱ्याच्या आधी आपण तिच्या सुरात सूर मिळवावा. त्या रविवारी आमच्यापैकी कोणीही ते केले असते, तर आईला आपला आवाज आवरावा लागला नसता.