‘अर्धगुणसूत्र’ आणि ‘अर्धगुणसूत्री’ : यांतलं ‘अर्ध’ कशाचं?

दहावीच्या मुलांना शिकवणाऱ्या ठाण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे : या दोन शब्दांतलं ‘अर्ध’ एकच का? आणि पेशीविभाजनाच्या पश्चावस्थेत (जोड्या सुटून दूर जाण्याच्या टप्प्यात) पेशीच्या टोकांकडे जातात त्यांना अर्धगुणसूत्रं म्हणायचं की गुणसूत्रं?

‘अर्ध’ एकच नाही, आणि बहुतेक मुलांचा घोळ इथेच होतो.

विभाजनाआधी डीएनएची प्रत तयार होते, म्हणून पूर्वावस्थेत, म्हणजे विभाजनाच्या सुरुवातीच्या टप्प्यात, गुणसूत्र दुहेरी दिसतं. त्या जोडीतलं एक म्हणजे अर्धगुणसूत्र. पण त्यात डीएनएचा अख्खा रेणू असतो, एकही जनुक कमी नसतं. हे ‘अर्ध’ जोडीचं, माहितीचं नव्हे. ‘अर्धगुणसूत्री विभाजना’तलं (प्रजननपेशी तयार होताना होणाऱ्या विभाजनातलं) ‘अर्ध’ मात्र संख्येचं : पेशीत होती त्याच्या निम्मी गुणसूत्रं उरतात. याला ‘न्यूनीकरण विभाजन’ असंही म्हणत; मला तो शब्द जास्त नेमका वाटतो, कारण त्यात हा गोंधळच होत नाही.

मोजताना गुणसूत्रबिंदू, म्हणजे जोडी जिथे जुळलेली असते ती जागा, मोजावेत. कांद्याच्या मुळाच्या पेशीत १६ गुणसूत्रं. मध्यावस्थेत, म्हणजे गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर येतात तेव्हा, बिंदू १६, म्हणून गुणसूत्रं १६ आणि अर्धगुणसूत्रं ३२. पुढे सेपरेज नावाचं विकर जोडीला धरून ठेवणारं कोहेसिन प्रथिन तोडतं आणि बिंदू सुटे होतात. आता बिंदू ३२, म्हणून गुणसूत्रंही ३२. तुर्कतंतू (गुणसूत्रांना ओढणारे धागे) १६ एका टोकाला नेतात, १६ दुसऱ्या. म्हणजे पश्चावस्थेत ‘अर्ध’ गळतं. तिथे ‘जन्यगुणसूत्रं’ लिहावं.

अर्धगुणसूत्री विभाजनाच्या पहिल्या टप्प्यात सजातीय गुणसूत्रं (आईकडून आणि वडिलांकडून आलेली जोडी) एकमेकांपासून दूर जातात, अर्धगुणसूत्रं नाही. शुगोशिन हे प्रथिन बिंदूपाशी कोहेसिन तुटू देत नाही. त्यामुळे प्रत्येक पेशीत ८ गुणसूत्रं जातात, पण प्रत्येक अजून दुहेरीच. ती सुटी होतात दुसऱ्या टप्प्यात. उत्तरपत्रिकेत हे दोन टप्पे सर्रास उलटे लिहिलेले असतात. माणसात पहिल्या टप्प्यात २१व्या क्रमांकाची जोडी वेगळी झाली नाही, तर बाळात ४७ गुणसूत्रं येऊन डाउन सिंड्रोम होऊ शकतो.

मुलांना प्रत्यक्ष दाखवायचं तर वाशीच्या मार्केटमधला साधा कांदाही चालेल, फक्त मुळं ताजी फुटलेली हवीत. टोकाचे २-३ मिलिमीटरच घ्या. वरचा भाग घेतला तर पेशी नुसत्या लांबट दिसतात, विभाजन सापडत नाही. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ऊब दिली नाही तर पेशी सुट्या होत नाहीत आणि थर जाड राहतो. मग अ‍ॅसिटोकार्माइनने रंगवून कव्हरस्लिप सरळ खाली दाबा, सरकवू नका. पश्चावस्थेत बिंदू पुढे आणि भुजा मागे ओढल्या जाताना दिसतात. अर्धगुणसूत्री विभाजन मात्र मुळाच्या टोकात शोधू नका. त्यासाठी कांद्याच्या फुलोऱ्यातल्या कोवळ्या कळ्यांचे परागकोश घ्यावे लागतात.