वेशीच्या जुन्या दरवाजाच्या भेगा सिमेंटने भरल्या तर चालतील का?

नाही, सिमेंट अजिबात नको. दगडी चाकाच्या घाणीत मळलेला चुनाच भरा. आपल्याकडचे दरवाजे, मलिक अंबरने १६१२ मध्ये उभारलेल्या छत्रपती संभाजीनगरच्या भडकल दरवाजासारखे, दगड-चुन्यात बांधलेले आहेत. पावसाचं पाणी भिंतीत मुरतं आणि चुन्याच्या सांध्यांतून हळूहळू वाळून जातं. सिमेंटने ती वाटच बंद होते. मग ओल आत अडकते, दगडावर पांढरा लोणा (खार) फुटतो, आतला जुना चुना भुसभुशीत होतो आणि दोन-चार पावसाळ्यांत सिमेंटचा थर दगडाचा पापुद्रा घेऊनच सुटतो. वरून मात्र काम पक्कं दिसत राहतं, हे जास्त वाईट.

आधी भेगेतला पिंपळ बघा. नुसता छाटला तर दुप्पट जोमाने फुटतो. मूळ मारून, पोकळीत पातळ चुना ओतून मगच सांधा भरायचा. चुन्यात गूळ, बेलफळाचं पाणी, हिरडा घालायची जुनी रीत आजही वापरतात.

फक्त एक लक्षात घ्या: मराठवाड्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात हे काम काढू नका. चुना धरायच्या आधीच सुकून तडकतो. पावसाळा सरल्यावर सुरू करा, सांध्यांवर ओलं गोणपाट ठेवा. दरवाजा संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याच्या लेखी परवानगीशिवाय थापीही लावू नका.