पान गमपेस्टचं, केक फॉन्डंटचा

प्रश्न : ताई, मे महिन्यात वडिलांची पंचाहत्तरी आहे. त्यांचं सगळं आयुष्य केळीच्या बागेत गेलं, म्हणून केकवर केळीची फणी आणि एक पान करायचंय. दुकानात केक सजवायच्या साखरेच्या लगद्याची फॉन्डंट, गमपेस्ट आणि मॉडेलिंग पेस्ट अशी तीन पाकिटं दाखवली. एकातच भागणार नाही का?
– एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : नाही भागत. धुळ्याच्या मामांच्या साठीला मी अख्खा केक गमपेस्टने मढवला होता. म्हटलं, दोन्ही पांढरं, दोन्ही साखरच! सकाळी केकवर फरशी बसलेली. सुरी टेकवली तर टक्क वाजलं. मामी म्हणाली, "अडकित्ता आणू का वं माय?"

फॉन्डंटमध्ये ग्लुकोज, ग्लिसरीन असतं, म्हणून ते मऊ राहतं. केक झाकायला तेच घ्या. आठ इंची केकला पाऊण किलो तरी हाताशी ठेवा. मॉडेलिंग पेस्टचं पाकीट घेऊच नका. पाव किलो फॉन्डंटमध्ये सपाट चमचाभर सीएमसी (लगदा घट्ट करणारी खाण्याची डिंकासारखी पूड) मळा, रात्रभर गुंडाळून ठेवा, झाली. केळी तिचीच वळा. नुसत्या फॉन्डंटची केळी बसकण मारतात.

पान मात्र गमपेस्टचंच. ती कागदासारखी पातळ लाटली जाते आणि वाळून कडक होते. सुरीच्या पाठीने मधल्या दांड्यापासून कडेपर्यंत शिरा ओढा. मग त्याच रेषेत कड दोन-तीन ठिकाणी फाडा. वाऱ्याने न चिरलेलं पान तुमच्या वडिलांना पटायचं नाही! लाटण्यावर पालथं टाकून वाळवा.

आपल्याकडच्या मेमध्ये फॉन्डंट हातातच सुरकुततं. कॉर्नफ्लोअरवर लाटलं तर आणखी कोरडं पडतं, म्हणून ओट्याला डालड्याचा हात पुसा. उरलेला गोळा लगेच क्लिंगफिल्ममध्ये. आणि कूलरसमोर काम नको. त्याच्या ओल्या वाऱ्याने साखर चिकट होते. आतून व्हिप्ड क्रीम लावलंत तर वरचं फॉन्डंट ओलं होऊन घसरतं. गनाश, म्हणजे चॉकलेट-क्रीमचं घट्ट मिश्रण, लावा. मी उन्हाळ्यात डार्क चॉकलेट अडीच भाग, क्रीम एक भाग घेते.

घरात कुणी कडक शाकाहारी असेल तर पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून घ्या, काही फॉन्डंटमध्ये जिलेटिन असतं.

केक कापायच्या आधी पान उचलून ठेवा. खाल्लं तर अपाय नाही, पण वडिलांना कवळी असेल तर त्यांच्या हाती लागू देऊ नका.